कोणत्या सालातलं घर?

पनवेलला बंदर होतं, हे आता पनवेलकरांनाही सांगावं लागतं. बंदर रोडचं नाव टिकून आहे, कोळीवाडा आहे, खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि ओसरतं. पण त्या पाण्यावरून कुणी गावात माल आणत असेल, हे उड्डाणपुलावरून जाणाऱ्याच्या मनातही येत नाही. एके काळी मुंबईहून सुटलेला मचवा भरतीचा हिशेब धरून इथे लागायचा. माल उतरायचा, बैलगाड्यांवर चढायचा आणि गाड्या घाटाच्या वाटेला लागायच्या. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाल्यावर तर मुंबई आणि देश यांच्यामधलं दारच पनवेल झालं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत इथला मुख्य धंदा म्हणून बैलगाड्या आणि गाड्यांची चाकं बनवणं असं नोंदलेलं आहे, आणि ती नोंद मला फार आवडते. ज्या गावातून सगळे नुसते पुढे जातात, त्या गावाने त्यांना चाकं विकावीत, याहून शहाणा व्यवहार कुठला!

त्या व्यवहारावर गाव उभं राहिलं. १८४९ साली बेने इस्राएल मंडळींचं बेथ एल सिनेगॉग झालं, १८५२ साली नगरपालिका आली. मग १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली, ती कल्याण-कर्जतवरून, पनवेलला बाजूला ठेवून. मुंबई-पुण्याचा थेट माल रुळांवर गेला आणि पनवेलला स्वतःचं स्टेशन मिळायला पुढची शंभर वर्षं लागली. तरी गाव उठलं नाही. १८७२ मध्ये पुराणिक वैद्यांनी इथेच धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना काढला. आणि तांदूळ तर होताच.

इथलं भात खाऱ्या पाण्याशी भांडून पिकायचं. खाडीकाठी मातीचे बांध घालून भरती अडवायची, पावसाळ्यांच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन काढायचं आणि मग त्या खारात लावणी करायची. उधाणाला बांध फुटला की सगळं पहिल्यापासून. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही. खारेपण सोसणाऱ्या भाताच्या ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ अशा गावाचं नाव लावणाऱ्या जातीच तिथून निघाल्या. जिथे भात तग धरत नसे तिथे मिठागर. खाडीने पिकू दिलं तर भात, नाही तर मीठ. रिकाम्या हाताने ती कुणाला परत पाठवत नसे.

हा तांदूळ बाजारात ज्या घरांत येऊन पडायचा, ती घरं मी नोकरीमुळे आतून पाहिली. मी बँकेत होते. आमची शाखाच सुरुवातीची काही वर्षं एका व्यापाऱ्याच्या जुन्या घरात, तळमजल्यावर होती. जिथे पूर्वी गादी-लोड आणि रोजकीर्द असायची तिथे आमचं काउंटर, आणि जिथे घरातली माणसं जेवायला बसायची त्या माजघरात लॉकर. पावसाळ्यात कॅशियर कौलांतून गळणाऱ्या थेंबांखाली पंचपात्री ठेवून नोटा मोजायचा. मालतारण कर्जाची तपासणी माझ्याकडे असे. बाजारातल्या एकेका गोदामात जायचं, कुलूप उघडून घ्यायचं, गोण्यांची थप्पी मोजायची आणि रजिस्टरला जुळवायची. थप्पी मोजताना पुढची रांग मोजून चालत नाही. मागे पोकळ ठेवलेली थप्पी समोरून भरगच्चच दिसते. म्हणून अंगाने बारीक असलेल्या शिपायाला वर चढवायचं. या कामामुळे घराकडे बघायची माझी नजर कायमची बिघडली. कुठल्याही जुन्या वास्तूत शिरले की नक्षीकामाआधी मला तिथे किती गोण्या मावतील ते दिसतं.

बाजारातल्या त्या घरांची ठेवण ठरलेली असायची. रस्त्याकडे तोंड अरुंद, आत लांबी संपता संपत नाही. पुढे ओटा. ओट्याला लागून दुकानाचा गाळा, तो बंद करायला लाकडी फळ्या; प्रत्येक फळीवर छिन्नीने कोरलेला आकडा, कारण क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नाही. मग पेढी. पेढीच्या बाजूने सरळ मागच्या दारापर्यंत जाणारा बोळ. त्यातून हमाल पाठीवर गोणी घेऊन कोठारापर्यंत जाई, पण घरात मात्र जात नसे. आत माजघर, देवघर, उजेडासाठी उघडा ठेवलेला चौक, त्यापलीकडे कोठार, विहीर, न्हाणी, गोठा. माळ्यावर वर्षाची बेगमी. एकाच छपराखाली धंदा आणि संसार इतके खेटून, की आतल्या तान्ह्या पोराचं रडणं गिऱ्हाइकाला ऐकू यावं आणि बाहेरची घासाघीस स्वयंपाकघराला.

असंच एक घर मला जपानात भेटलं.

भाचा ओकायामात नोकरीला आहे. पुणेकरांना ओकायामा सिंहगड रोडवरच्या बागेमुळे ठाऊक आहे, पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून जी ओळखली जाते ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. मी खरी बागही पाहिली आणि तीत कशालाही हात लावू नये अशा धाकात फिरले. भाचा म्हणाला, “मावशी, तुला बाग नको. तुला बाजार दाखवतो.” आणि लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटांवरच्या कुराशिकीला घेऊन गेला.

कुराशिकीत गावाच्या मध्यातून एक कालवा जातो. काठाला विलोची झाडं, दगडी बांधीव किनारा, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींची कोठारं. आता त्या पाण्यात पर्यटकांना बसवून होडी फिरते आणि हंस पोसलेले आहेत. पण पायऱ्या इतक्या रुंद कशाला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. खांद्यावर ओझं घेतलेला माणूस अरुंद पायरीवरून चढत नाही. हा कालवा म्हणजे खाडीचीच शेपटी होती. समुद्राची भरती त्यातून आत शिरायची आणि तिच्याबरोबर होड्या तांदूळ नि कापूस घेऊन ये-जा करायच्या. १६४२ पासून हे गाव थेट शोगुनच्या सरकारच्या ताब्यात होतं. आसपासचा साऱ्याचा तांदूळ इथे जमा व्हायचा आणि जहाजांनी पुढे जायचा. भोवतालचा मुलूख मुळात उथळ समुद्र. बांध घालून, पाणी हटवून जमीन केलेली. ती खारी. सुरुवातीला तिच्यात भात धरत नसे म्हणून लोकांनी मीठ सोसणारा कापूस लावला. त्या कापसातून पुढे विणकाम आलं, त्यातून पायमोजे, मग शाळेचे गणवेश, आणि त्याच कुराशिकीच्या कोजिमा भागात १९६० च्या दशकात जपानी जीन्स पँट शिवल्या जाऊ लागल्या. आमच्या खारातून आधी भात निघालं आणि नंतर सिडको. असो.

कालव्यापासून मोठा रस्ता ओलांडून आतल्या गल्लीत ओहाशी घराण्याचं घर आहे. १७९६ च्या सुमाराला बांधायला घेतलेलं. या घराण्याचे पूर्वज हरलेल्या पक्षाकडून लढलेले. तलवार सुटली ती सुटली, नंतरच्या पिढ्यांनी खार जमीन आणि मिठागरं यांत पैसा घातला, जमीनदार झाल्या आणि सावकारीत शिरल्या. हे वाचलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तारण, व्याज, मुदत. इथली भाषा मला येत होती.

रस्त्याला घराचा दर्शनी भाग लागतच नाही. आधी लांबट देवडीसारखं एक प्रवेशद्वार, त्यालाच जोडून खोल्या. असं दार बांधायची मुभा व्यापाऱ्याला सहसा मिळत नसे. त्याने रस्त्यावरच, इतरांच्या रांगेत घर मांडायचं. ओहाशींना ती मुभा होती, यातच त्यांचं वजन कळतं. आपल्याकडे दिंडी दरवाजा कुणाच्या वाड्याला आहे आणि कुणाच्या नाही, यावरून गावाने माणसं मोजलीच की. दार ओलांडून अंगण, आणि समोर मुख्य घर. वरच्या मजल्याला चुन्याने लिंपलेल्या उभ्या दांड्यांच्या खिडक्या, खाली लाकडी जाळी. जाळी अशी की आतून रस्ता दिसावा, रस्त्यावरून आतलं दिसू नये. मुंबई-पुण्यात पडदा लावून जे साधत नाही ते सुताराने दोन दांड्यांमधल्या अंतरावर साधलं होतं.

आत शिरल्याबरोबर पायाखाली माती. चोपून, कडक केलेली जमीन, आणि डोक्यावर थेट छपरापर्यंत पोकळी. चुलीचा धूर जायला ती जागा. वरच्या तुळया सरळ रंधून काढलेल्या नव्हत्या. झाडाला जसा बाक होता तसाच ठेवून, बाकाची पाठ वर करून बसवलेल्या. या मातीच्या भागाला ते दोमा म्हणतात. इथेच मालाची ये-जा, इथेच चुली, इथेच पाणी. एका बाजूला गुडघाभर उंचीवर लाकडी चौथरा आणि त्यापलीकडे तातामीच्या चटया घातलेल्या खोल्या. खालचं जग चपलांचं, वरचं जग मोज्यांचं. मी चपला काढून वर चढले, आणि भाचा पुटपुटला, “मावशी, चपला वळवून ठेव, तोंड दाराकडे.” म्हणजे निघताना नुसतं पाय घालून चालू लागायचं. आमच्या बाजारातला कुठलाही मेहता हे पाहून खूश झाला असता. आलेल्या माणसाला परत जायची आठवण करून देण्याचा इतका सभ्य मार्ग मी दुसरा पाहिला नाही.

खोल्यांतून फिरताना सगळं सुंदर होतं आणि मी कंटाळत होते. रिकाम्या खोल्या, उजेड कागदातून गाळून येणारा, एका कोनाड्यात एकच फूल. या रिकामपणाचं पुष्कळ कौतुक लिहिलं गेलंय, आणि ते करणाऱ्यांपैकी कुणाला त्या घरात वर्षाचं धान्य भरायचं नव्हतं. व्यापाऱ्याचं घर इतकं मोकळं असूच शकत नाही. कुठे गेल्या वह्या? कुठे माप? हिशेबासाठी बसलेली पोरं कुठे? मग आम्ही तांदळाच्या कोठारात गेलो. जाड भिंती, आगीपासून वाचवायला मातीचा थरावर थर. अशा कोठारांना बाहेरून काळ्या चौकोनी फरश्या आणि त्यांच्या सांध्यांवर चुन्याचे फुगीर पट्टे. मी सवयीने उंची पाहिली, लांबी पावलांनी घेतली, भिंतीपासून वीतभर जागा हवेसाठी सोडली आणि मनात थप्पी रचायला लागले. त्यांचा तांदूळ पेंढ्याच्या गोल पोत्यांत असे, एकेक साधारण साठ किलोचं. भाचा विचारत होता काय पुटपुटतेयस. मी म्हटलं, तपासणी चाललीय. पण तिथे तांदळाचा एक दाणा नव्हता, उंदीर नव्हता, कोंड्याचा वास नव्हता. माझ्या रजिस्टरात शून्य लिहावं लागलं असतं.

बाहेर येताना एका खांबाच्या बुंध्याशी मी थांबले. खांबाचा जमिनीजवळचा हातभर तुकडा वेगळ्या लाकडाचा होता, रंगाने जरा उजळ. जुना खांब खाली कुजला तेवढाच कापून, नव्या लाकडाला खाच आणि जुन्याला खुंटी अशी जोड देऊन बसवलेला. जोड तिरकी आणि बहुपदरी, बोट फिरवलं तर जाणवेल न जाणवेल. अख्खा खांब बदलणं सोपं आणि स्वस्तही पडलं असतं. पण राष्ट्रीय वारसा म्हणून घोषित केलेल्या इमारतीत तसं करत नाहीत. हे घर १९७८ मध्ये त्या यादीत गेलं. गरज पडली तर अशी घरं पूर्ण उतरवतात, एकेका वाशाला नंबर देतात, जिथे कुजलंय तेवढंच नवं घालतात, आणि नव्या तुकड्यावर दुरुस्तीचं साल डागणीने उमटवून ठेवतात, म्हणजे पुढच्या सुताराची फसगत होऊ नये. आमच्या बाजारातल्या फळ्यांवरचे कोरलेले आकडे मला तिथे आठवले. तेही नंबरच. फक्त ते रोज रात्री दुकान बंद करायला वापरत, घर वाचवायला नव्हे.

आणि मग ती गोष्ट कळली जिच्यामुळे हे सगळं लिहितेय. या घरात १८०७ साली मोठे फेरफार झाले, १८५१ साली पुन्हा. १९९१ ते १९९५ या काळात जीर्णोद्धार करताना तज्ज्ञांना ठरवावं लागलं की घर कुठल्या रूपात परत आणायचं. त्यांनी १८५१ निवडलं, कारण त्या साली घराचा पसारा सर्वांत नीट बसलेला होता. त्यानंतर जी काही भर पडलेली होती ती काढून टाकली.

एक साल निवडायचं! मी परतीच्या गाडीत तेवढाच विचार करत होते. माणसाला कुणी विचारलं की तुझं कुठलं वय कायमचं ठेवू, तर त्याची बोबडी वळेल. घराला विचारलं आणि घराच्या वतीने समितीने उत्तर दिलं.

समितीला दोष देण्यात अर्थ नाही. काही ठरवल्याशिवाय रंधा हातात घेता येत नाही. आणि कुराशिकीने जे केलं ते नशिबावर सोडून झालेलं नाही. तिथल्या सूतगिरणीच्या ओहारा घराण्याने गाव जपायचा ध्यास घेतला, १९६८ मध्ये शहराने स्वतःचा नियम केला, १९७९ मध्ये देशाने त्या भागाला संरक्षण दिलं. याचा अर्थ जपानात सगळीकडे असंच चालतं असा मात्र नाही. क्योतोत २०१६ साली मोजणी झाली तेव्हा व्यापाऱ्या-कारागिरांची जुनी घरं, ज्यांना ते माचिया म्हणतात, सुमारे चाळीस हजार उरली होती; काही वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा पाच हजारांहून अधिक कमी. तिथेही वारसांत वाटण्या होतात, तिथेही मुलांना पार्किंग लागतं. ‘जपानी बघा कसं जपतात’ हे वाक्य आमच्याकडे भाषणात फार येतं, म्हणून हे सांगून ठेवते.

पण ओहाशींच्या कोठारातलं रिकामपण नुसतं जीर्णोद्धाराने आलेलं नव्हतं. त्या घरामागचा तांदूळ आधीच गेला होता. युद्ध हरल्यावर १९४६ पासून जपानात जमीन सुधारणा झाली. जमीनदारांची शेतं सरकारने घेतली आणि कसणाऱ्यांना विकली. आमच्याकडे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन उजाडला; खारातली कुळं मालक झाली. त्याआधी चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून काही वर्षं जमिनी न कसता संप केलेला, तो याच जिल्ह्यात, याच खारांवरून. म्हणजे थोड्याफार वर्षांच्या अंतराने दोन्ही देशांतल्या कोठारांत येणारी वाट बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. जुन्या घराच्या सुंदर तुळया बघताना त्या कुणाच्या घामावर चढल्या हे विसरणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. थप्पी समोरून भरगच्च दिसते. मागे जाऊन बघावं लागतं.

पुढे कुराशिकीचं पाणीही गेलं. १९५० च्या दशकात कोजिमाच्या आखाताला बांध घालून आतला भाग गोड्या पाण्याचा केला. आता कालव्यात भरती येत नाही.

पनवेलला मात्र भरती येते, आणि माल तर इतका येतो की झोप लागत नाही. १९७० मध्ये सिडको आली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कळंबोलीला लोखंडाचा बाजार बसला, द्रुतगती मार्ग इथूनच सुटला, आणि आता खाडीच्या तोंडाशी विमानतळही झाला. कंटेनरांच्या रांगा बघितल्या की वाटतं, गॅझेटियरवाल्याला पुन्हा बोलवावं. मुख्य धंदा अजून चाकांचाच आहे. कुराशिकीत घर राहिलं आणि त्याचा व्यापार गेला. इथे व्यापार दसपट झाला आणि घरं एकेक करून उतरताहेत. यातलं कुठलं बरं, याचं उत्तर मला पटकन देता येत नाही. रिकामं कोठार बघून आलेली मी, कंटेनरच्या हॉर्नला शिव्या देताना जरा आवाज खाली घेते इतकंच.

जवळपास एक जीर्णोद्धार झालाय तो शिरढोणला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा तो वाडा सरकारने दुरुस्त करून स्मारक म्हणून राखला आहे. तिथे साल कुठलं हा प्रश्नच उद्भवत नाही. ४ नोव्हेंबर १८४५ ला त्यांचा जन्म झाला, आणि वाड्याने त्या दिवसाकडे तोंड करून उभं राहायचं. वीरपुरुषाच्या घराला साल आयतं मिळतं. तांदळाच्या व्यापाऱ्याच्या घरात तसा कुणी जन्मलेला नसतो. तिथे जन्मलेली माणसं वहीत नावं लिहीत गेली आणि वारली.

बाजारातल्या एका घराच्या काकांकडे मी अजून जाते. नोकरीत असताना त्यांच्या कोठाराची तपासणी मी केलेली. आता चहाला बोलावतात. घर अजून उभं आहे. ओटीच्या तुळईला तराजू टांगायची लोखंडी कडी आहे. तिच्यावर हल्ली पंख्याची वायर गुंडाळलेली. उंबऱ्याचं लाकूड मधोमध वाटीसारखं झिजलंय, गोण्या घेऊन ओलांडणाऱ्या पायांनी. भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पुराची रेघ आहे, छातीच्या वर. गाढी नदीचं पाणी त्या रात्री पेढीत शिरलं होतं. पुढच्या गाळ्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, माजघराच्या अर्ध्या भागात जुने भाडेकरू, पागडीचे, आजोबांच्या काळातल्या भाड्यावर. चौकावर पत्रा टाकलेला. माळ्यावर कोंड्याचा वास अजून येतो, खरंच येतो. मी मुद्दाम चढून पाहिलं.

मी फोनवर ओहाशींच्या घराचे फोटो दाखवले. काकांनी खांबाची जोड मोठी करून बघितली, बराच वेळ. मग म्हणाले, “आमचा सुतार असता तर म्हणाला असता, काका, पूर्ण बदलून टाकू, दोन दिवसांचं काम.” काकू आतून म्हणाल्या, “आणि महिना लावला असता.”

“काका, हे घर दुरुस्त करायचं ठरलं, तर कुठल्या सालाचं करायचं?”

ते थांबले. वडिलांनी वरचा मजला चढवला ते साल त्यांनी सांगितलं, मग मोडलं. त्या वेळी आजोबा-वडिलांत अबोला होता. बैल विकले ते साल नको. पहिला फोन आला ते बरं होतं, पण तेव्हा मागची न्हाणी नव्हती आणि बायकांचे हाल होते. काकू पुन्हा आतून म्हणाल्या, “न्हाणीच्या आधीचं कुठलंच साल चालणार नाही, सांगून ठेवते.” एवढ्यात मला कळलं की ओहाशींच्या समितीत अशी एखादी काकू नव्हती.

घर पाडायचं आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वारस पाच, भाडेकरू तीन, आणि बिल्डरच्या नकाशात सगळ्यांना कुठे ना कुठे चौकोन मिळालेला आहे. मी काकांना थांबा म्हटलं नाही. त्या गळक्या कौलांखाली मी काही राहत नाही. एवढंच म्हटलं, की पाडण्याआधी वास्तुशास्त्र शिकणारी माझ्या ओळखीची दोन मुलं येऊन घर मोजून नेतील का? फळ्या, कडी, बोळ, कोठार, सगळं कागदावर उतरवतील.

“मोजू दे की. पण गुरुवारी आण. बुधवारी बिल्डरची माणसं मोजायला येतायत. एकाच दिवशी दोन टेपा नकोत, घराला वाटेल दोन-दोन स्थळं आलीत.” मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “आणि कागदावर साल कुठलं घालणार?”

“आत्ताचंच घालू, काका. मोबाइलचं दुकान, पत्रा, पुराची रेघ, भाडेकरू, सगळं धरून.”

“मग माळ्यावरची ती प्लास्टिकची टाकीही दाखवा,” काका म्हणाले, “तिचे हप्ते अजून चालू आहेत.”